नववी पलटण: हरवले कोण, हरवले काय?

गोष्ट बहुतेकांनी कुठे ना कुठे ऐकलेली किंवा पाहिलेली असते. इ.स. ११७ च्या सुमारास रोमन सैन्याची एक पलटण ब्रिटनमधील आपल्या छावणीतून उत्तरेकडे निघाली. पाच हजार कसलेले शिपाई, त्यांचे नायक, आणि सर्वांच्या पुढे उंच काठीवर गरुडाचे चिन्ह. आज ज्याला आपण स्कॉटलंड म्हणतो त्या डोंगराळ प्रदेशातल्या धुक्यात ही पलटण शिरली आणि पुन्हा कुणाच्या दृष्टीस पडली नाही. शिपाई परतले नाहीत, गरुडही परतला नाही. सांगणारा येथे क्षणभर थांबतो आणि ऐकणाराही नकळत गप्प होतो.

आम्हीही ही गोष्ट अनेक वर्षे खरी मानत होतो, आणि खरी मानण्यात आम्हाला सुख होते हेही कबूल केले पाहिजे. पुढे कुतूहलाने तिच्या मुळाशी जाऊ लागलो तेव्हा एक साधी गोष्ट ध्यानात आली. पलटणीचे निघणे, धुके, तो डोंगराळ प्रदेश, शेवटचा रणसंग्राम, यांपैकी काहीही कोणत्याही प्राचीन लेखकाने लिहिलेले नाही. या स्वरूपातली गोष्ट आधुनिक काळात रचली गेली. प्राचीन काळाने आपल्या हाती ठेवले आहे ते केवळ मौन. त्या मौनाचे काय करायचे, हा आमच्या मते या प्रकरणातला खरा प्रश्न आहे. पलटणीचे काय झाले हा प्रश्न त्यानंतरचा.

ज्या पलटणीविषयी बोलायचे तिची आधी नीट ओळख करून घेऊ. रोमन सैन्याच्या मुख्य घटकाला 'लीजन' म्हणत. आम्ही सोयीसाठी पलटण म्हणत आहोत. पाच हजारांच्या आसपास पायदळ, सोबत थोडे घोडेस्वार, असे तिचे रूप. प्रत्येक पलटणीला क्रमांक असे आणि बहुधा एखादे बिरुदही. आपल्या नायिकेचे पूर्ण नाव नववी हिस्पाना. स्पेनमधील लढायांत कमावलेले हे बिरुद घेऊन ती पुढे ब्रिटनमध्ये आली, काही काळ आजच्या लिंकन गावी राहिली आणि इ.स. ७१ च्या सुमारास यॉर्क येथे तिने आपला तळ उभारला.

ब्रिटनमधल्या तिच्या आयुष्यात अरिष्टे आली नाहीत असे नाही. इ.स. ६०-६१ मध्ये राणी बूडिका हिने रोमन सत्तेविरुद्ध बंड केले तेव्हा सेनापती पेटिलियस केरियालिस नववीला घेऊन मदतीला धावला आणि वाटेतच मार खाऊन बसला. पायदळ कापले गेले. सेनापती घोडेस्वारांसह छावणीत पळून आला. नंतर जर्मनीतून दोन हजार शिपाई पाठवून पलटणीची भरती करावी लागली. पुढे वीसएक वर्षांनी, अग्रिकोला उत्तरेत मोहीम करीत असताना, कॅलेडोनियन लोकांनी रात्रीच्या अंधारात नववीच्याच छावणीवर छापा घातला. अग्रिकोला वेळेवर पोहोचला म्हणून निभावले.

हे दोन्ही प्रसंग आपल्याला ठाऊक आहेत याचे कारण एकच: टॅसिटस नावाच्या इतिहासकाराने ते लिहिले, आणि त्याचे ते ग्रंथ टिकले. दोन हजार माणसे एका दिवसात मेली तरी त्या प्रसंगाला कुणी 'गूढ' म्हणत नाही. लिहिणारा होता, त्याचे लिहिलेले उरले, म्हणून ती केवळ एक हार ठरली. गूढ जन्माला येण्यासाठी माणसांचे मरण पुरत नाही, त्यासाठी कागदही नाहीसा व्हावा लागतो.

नववीचा ब्रिटनमधील शेवटचा निश्चित कालनिर्देश असलेला पुरावा यॉर्कमध्येच सापडला. तो एक भग्न शिलालेख आहे. सम्राट ट्रेजन याच्या पदव्या त्यावर क्रमाने कोरल्या आहेत आणि त्यांतील एका पदवीच्या क्रमांकामुळे लेखाचा काळ इ.स. १०७-१०८ असा नक्की करता येतो. मजकूर साधा आहे: सम्राटाने नवव्या हिस्पाना पलटणीकरवी हे द्वार बांधविले. एवढेच. यानंतर ब्रिटनमध्ये तारीख सांगता येईल असा नववीचा उल्लेख नाही.

मग इ.स. १२२ च्या सुमारास सम्राट हेड्रियन ब्रिटनला आला. त्याच सुमारास ऱ्हाइनकाठची सहावी पलटण यॉर्कला आणण्यात आली. हेड्रियनची सुप्रसिद्ध भिंत, सुमारे ११७ किलोमीटर लांबीची, बांधायला सुरुवात झाली. बांधणाऱ्या पलटणींनी आपापल्या कामावर आपली नावे कोरून ठेवली. दुसरी, सहावी आणि विसावी यांची नावे तेथे आहेत. नववीचे नाव नाही. पुढे सम्राट मार्कस ऑरेलियसच्या कारकिर्दीत रोममध्ये सर्व पलटणींची यादी एका स्तंभावर कोरली गेली. ब्रिटनपासून सुरुवात करून प्रांतवार अठ्ठावीस पलटणी तीत दिल्या आहेत, आणि नंतर उभारलेल्यांची नावे शेवटी जोडली आहेत. तीतही नववी नाही. म्हणजे १०८ आणि ती यादी यांच्या दरम्यान केव्हातरी ती नष्ट झाली, मोडली गेली किंवा दुसरीत विलीन झाली. निश्चितपणे म्हणता येते ते एवढेच.

या पोकळीत पहिले मोठे अनुमान ठोकून बसवले ते जर्मन इतिहासकार थिओडोर मॉम्सेन यांनी. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या रोमन इतिहासाच्या खंडात त्यांनी नववीचा अंत ब्रिटनमधल्या उठावात, ब्रिगांतेस जमातीच्या हातून, झाला असावा असे मांडले. अनुमानाला आधार होता. हेड्रियन गादीवर आला तेव्हा ब्रिटन लोक आवरेनासे झाले होते असे एका प्राचीन चरित्रकाराने म्हटले आहे. शिवाय फ्रोंटो नावाच्या वक्तृत्वपंडिताने आपला शिष्य मार्कस ऑरेलियस याला लिहिलेल्या पत्रात हेड्रियनच्या काळात यहुद्यांनी आणि ब्रिटनांनी किती सैनिक मारले याची आठवण दिली आहे. मॉम्सेन अधिकारी पुरुष होते. त्यांचे 'असावे' हे पुढच्यांच्या लेखणीत कधी 'होते' झाले, हे कुणाच्या लक्षातही आले नाही.

१९५४ साली रोझमेरी सट्क्लिफ यांची 'द ईगल ऑफ द नाइन्थ' ही कादंबरी आली. नाहीशा झालेल्या पलटणीतल्या एका अधिकाऱ्याचा मुलगा बापाच्या नावाला लागलेला डाग पुसण्यासाठी उत्तरेत जातो आणि हरवलेला गरुड शोधतो, अशी तिची कथा. सिल्चेस्टर येथे १८६६ साली उत्खननात ब्राँझचा एक गरुड मिळाला होता. लेखिकेने हे दोन धागे एकत्र विणले. तो गरुड वास्तविक कोणत्याही पलटणीचे चिन्ह नसून एखाद्या मोठ्या मूर्तीचा भाग असावा, असे आता अभ्यासक मानतात. पण कादंबरीला त्याचे काय? ती उत्तम कादंबरी आहे, आणि कादंबरीकाराने पोकळी कल्पनेने भरावी हा त्याचा धर्मच आहे. दोष असलाच तर तिच्याकडे इतिहास म्हणून पाहणाऱ्यांचा. २०१० मध्ये 'सेंच्युरियन' आणि २०११ मध्ये 'द ईगल' असे दोन चित्रपट आले आणि धुके कायमचे स्थिरावले. यात गंमत अशी की मॉम्सेन यांचा कयास यॉर्कच्या परिसरापुरता होता. गोष्ट जसजशी लोकप्रिय झाली तसतशी ती उत्तरेकडे सरकत गेली, कारण धुके तिकडे अधिक दाट आहे.

मराठी इतिहाससंशोधनाच्या परंपरेत वाढलेल्या वाचकाला अस्सल कागद आणि बखर यांतला भेद नव्याने सांगायला नको. नववीच्या प्रकरणात बखर आधी तयार झाली आणि कागद मागाहून मिळू लागले. मिळाले तेही भलत्याच ठिकाणी.

नेदरलंड्समध्ये नाइमेखन नावाचे शहर आहे. तेथे रोमन छावणी होती. दहावी पलटण ती छावणी इ.स. १०४ च्या सुमारास सोडून गेली. त्यानंतरच्या काळातल्या, नवव्या पलटणीचे शिक्के असलेल्या कौला-विटा त्या परिसरात मिळाल्या. जवळच चांदीचा मुलामा दिलेले ब्राँझचे एक लोलकही मिळाले. त्यावरही नववी हिस्पाना. जर्मनीत आखन येथे, गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी, अपोलोला वाहिलेली एक वेदी सापडली. ती वाहणारा लुकियस लातिनियस माकेर हा नववीचा सर्वांत वरिष्ठ नायक आणि छावणीचा अधिकारी होता. कसला तरी नवस बोलला होता, तो त्याने येथे येऊन फेडला.

याशिवाय माणसांच्या चाकरीचा हिशेब आहे. रोमन उमराव घराण्यातला तरुण विशीच्या आसपास एखाद्या पलटणीत अधिकारी म्हणून काही काळ राही आणि चाळिशीच्या आगेमागे मोठ्या पदावर पोहोचे. लुकियस एमिलियस कारुस हा तरुणपणी नववीत होता आणि इ.स. १४२-१४३ च्या सुमारास अरेबिया प्रांताचा राज्यपाल होता. नोवियस क्रिस्पिनस हाही नववीतला, तो इ.स. १५० च्या सुमारास कॉन्सल झाला. वर्षे मागे मोजत गेले तर त्यांची नववीतली चाकरी ११७ नंतरची ठरते. ज्या पलटणीला धुक्याने गिळले होते, तिच्यात नंतरही तरुण अधिकारी रुजू होत होते असा याचा अर्थ.

आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर आम्हीही बखरच लिहिली असे होईल. नाइमेखनला पूर्ण पलटण नव्हे, तिची एक तुकडीच गेली असेल आणि उरलेली ब्रिटनमध्येच संपली असेल, असे म्हणणारे अभ्यासक आहेत. चाकरीचे हिशेबही काही वर्षे इकडेतिकडे होऊ शकतात. कुणी उशिरा वर चढतो. हे आक्षेप रास्त आहेत. तरीही नुसती तुकडी बाहेर गेली असती तर पलटणीचा सर्वांत वरिष्ठ नायक आणि छावणीचा अधिकारी तिच्यासोबत जाणे तितकेसे स्वाभाविक वाटत नाही. आमचे मत एकूण पुरावा तोलून असे झाले आहे की नववी ब्रिटनमधून बाहेर पडली होती आणि तिचा शेवट अन्यत्र झाला. मात्र हे आमचे मत आहे, आणि उद्या यॉर्कच्या मातीतून एखादा दगड निघाला तर ते बदलायला आम्ही मोकळे आहोत.

अन्यत्र म्हणजे कुठे? दोन ठिकाणे सांगितली जातात. एक, इ.स. १३२ ते १३५ या काळात यहुदियात झालेला बार कोखबाचा उठाव. त्यात रोमची हानी इतकी झाली की हेड्रियनने सिनेटला लिहिलेल्या पत्रात 'मी आणि सैन्य कुशल आहोत' हे प्रघाताचे वाक्य घातले नाही, असे कॅसियस डिओ सांगतो. दुसरे ठिकाण आर्मेनियातील एलेगिया. इ.स. १६१ मध्ये कॅपाडोकियाचा राज्यपाल सेव्हेरियानस तेथे पार्थियनांच्या वेढ्यात सापडला आणि त्याच्या हाताखालची अख्खी पलटण बाणांखाली नष्ट झाली. हेही डिओच सांगतो. त्या प्रांतात नेहमी असणाऱ्या बारावी आणि पंधरावी या दोन्ही पलटणी पुढे हयात दिसतात. तेव्हा मेली ती तिसरी कुठलीतरी. कोणती? डिओच्या आज उरलेल्या मजकुरात तिचे नाव नाही. त्या काळावरचे डिओचे मूळ ग्रंथ आज नाहीत. आहे तो अकराव्या शतकात क्सिफिलिनस याने केलेला सारांश. डिओने क्रमांक लिहिला होता की नाही, की सारांश करणाऱ्याला तो अनावश्यक वाटला, हे त्या ओळींतून कळत नाही.

येथे आम्हाला फ्रोंटोच्या पत्राकडे पुन्हा यावेसे वाटते. ब्रिटनमध्ये नववी बुडाली असे म्हणणाऱ्यांचा तो मोठा साक्षीदार. पण ते पत्र कशासाठी लिहिले होते? पूर्वेकडील युद्धात, एलेगियाच्या सुमारास, जी हानी झाली तिने खचलेल्या सम्राटाचे सांत्वन करण्यासाठी. पूर्वीही असे झाले होते, तुमच्या आजोबांच्या काळीही किती सैनिक मेले, तरी रोम उभे आहे, असा त्याचा भावार्थ. म्हणजे ब्रिटनमधल्या मृतांचा उल्लेख हा आर्मेनियातल्या मृतांसाठी दिलेला दाखला आहे. एकाच पत्राच्या दोन टोकांना दोन्ही तर्क बसले आहेत, आणि पलटणीचा क्रमांक दोन्ही टोकांना नाही.

एलेगियाच्या बाबतीत आणखी एक साक्षीदार आहे आणि तो फार खट्याळ आहे. ल्यूशियन हा ग्रीक लेखक त्याच काळात हयात होता. त्याने एका निबंधात सांगितले आहे की अबोनोटिखस गावच्या अलेक्झांडर नावाच्या भोंदूने सेव्हेरियानसला तू आर्मेनिया जिंकशील असे भविष्य सांगितले होते. सेनापती सैन्यासह मेला तेव्हा या महाराजांनी आपल्या दप्तरातून ते भविष्य काढून टाकले आणि त्या जागी 'आर्मेनियावर जाऊ नकोस' असे नवे लिहून ठेवले. इतिहास कसा लिहावा यावरील आपल्या दुसऱ्या निबंधात तो त्या युद्धावर भराभर पुस्तके लिहिणाऱ्यांची खिल्ली उडवतो. एकाने लिहिले की सेव्हेरियानसने अन्नत्याग करून प्राण सोडला. ल्यूशियन विचारतो, सारा प्रकार तीन दिवसांत आटोपला, उपाशी मरायला सात दिवस लागतात. तेवढे दिवस शत्रूचा सेनापती वाट पाहत उभा होता काय? दुसऱ्याने लिहिले की त्याने काचेचा मोठा पेला फोडून त्या तुकड्याने गळा कापून घेतला, आणि मग एका नायकाने थडग्यावर चढून लांबलचक शोकभाषण केले व तेथेच स्वतःला संपवले. भाषणाच्या आधीच तो मेला असता तर बरे झाले असते, अशा अर्थाचे ल्यूशियनने त्यावर म्हटले आहे.

हे वाचून आम्ही हसलो आणि मग थांबलो. घटना होऊन पाच-सात वर्षेही लोटली नव्हती. सेनापतीच्या मरणाच्या दोन-तीन आवृत्त्या तयार होत्या, थडग्यावरची भाषणे तयार होती, भविष्याची सुधारित प्रत तयार होती. सेनापतीबरोबर जी हजारो माणसे मेली त्यांच्या पलटणीचा क्रमांक मात्र यांतल्या एकानेही आपल्यापर्यंत पोहोचवला नाही. चित्रपटवाल्यांना आणि कादंबरीकारांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. काम त्यांच्या अठराशे वर्षे आधी सुरू झाले होते.

कुणी म्हणेल, त्या काळी एवढ्या बारीक नोंदी ठेवण्याची पद्धतच नसेल. तसे नाही. हेड्रियनच्या भिंतीजवळ व्हिंडोलांडा नावाचे रोमन ठाणे होते. तेथील पाणथळ, हवाबंद चिखलात लाकडाच्या पातळ पापुद्र्यांवर शाईने लिहिलेली पत्रे आणि दप्तरे १९७३ पासून सापडत आली आहेत. त्यांत एका तुंग्री तुकडीच्या हजेरीची नोंद आहे, इ.स. ९० च्या सुमाराची, १८ मे या दिवसाची. एकूण शिपाई ७५२. ठाण्याबाहेर ४५६. हजर २९६. हजर असलेल्यांपैकी आजारी १५, जखमी ६, डोळे आलेले १०. कामाला लायक २६५.

डोळे आलेले दहा जण! ज्या सैन्याचे कारकून एवढे लिहीत, त्यांनी पाच हजारांच्या पलटणीचे काय झाले ते लिहिले नसेल हे संभवत नाही. यॉर्कमध्ये रोज सकाळी अशी हजेरी लागत असणार. नाइमेखनमध्ये लागत असणार. पलटण नष्ट झाली असेल किंवा मोडली गेली असेल, तर रोमच्या कुठल्यातरी दप्तरखान्यात त्याचा जाबजबाब झालाच असणार. त्या सगळ्या नोंदी कुजल्या, जळाल्या, कुणीतरी चुलीत घातल्या. व्हिंडोलांड्याचा चिखल प्राणवायूला आत येऊ देत नव्हता म्हणून तिथले दहा दुखरे डोळे आपल्याला ठाऊक आहेत. ज्याला आपण पलटणीचे गूढ म्हणतो ते बऱ्याच अंशी मातीच्या प्रकाराचे आणि लाकूड कुजण्याचे प्रकरण आहे. हे ऐकायला रूक्ष वाटते हे आम्हाला मान्य आहे. पण ते धुक्यापेक्षा अधिक खरे आहे.

असो. आता ज्या गोष्टीमुळे हा लेख लिहावासा वाटला तिच्याकडे येतो. पलटण हरवली म्हणून इतकी हळहळ वाटते, ती कुणासाठी? चित्रपटात आपण धुक्याकडे पाहतो ते रोमन शिपायाच्या डोळ्यांनी. झाडांमागून येणारे रंगवलेले चेहरे हे भय असते, माणसे नसतात. व्हिंडोलांड्याच्याच एका पत्रात स्थानिक लोकांसाठी एक लघुत्ववाचक, तुच्छतेचा शब्द आला आहे. मराठीत 'ब्रिटुकले' म्हणावे तसा. बूडिकेच्या शेवटच्या लढाईत सुमारे ऐंशी हजार ब्रिटन मेल्याचे सांगतात आणि रोमन मेले ते चारशेच्या आसपास, असे टॅसिटस लिहितो. आकड्यात फुगवटा असेलही. पण या ऐंशी हजारांचे काय झाले हे 'गूढ' म्हणून कुणी कादंबरी लिहिली नाही. ब्रिगांतेस जमातीतल्या एखाद्या गावाचे काय झाले हे विचारायला त्या गावाजवळ क्रमांकही नव्हता आणि गरुडही नव्हता. हरवण्यासाठी आधी कुणाच्या तरी यादीत असावे लागते.

ही नजर ज्या काळात घडली तो साम्राज्याचा काळ होता, आणि येथे आपलाही थोडा संबंध येतो. जानेवारी १८४२ मध्ये इंग्रजांची फौज काबूलहून माघार घेताना डोंगरांत संपली. सुमारे साडेचार हजार सैनिक आणि बारा हजारांच्या आसपास बाजारबुणगे. १३ जानेवारीला डॉक्टर ब्रायडन हा थकलेल्या घोड्यावरून जलालाबादला पोहोचला. १८७९ मध्ये लेडी बटलर यांनी त्याचे चित्र काढले. उजाड मैदान, कोसळायच्या बेतातला घोडा आणि त्यावर एकटा गोरा माणूस. एका संपूर्ण सैन्याचा उरलेला अवशेष म्हणून ते चित्र प्रसिद्ध झाले. त्या सैन्यातले बहुसंख्य शिपाई आणि जवळजवळ सगळे बाजारबुणगे हिंदुस्थानी होते. त्यांतलेही काही नंतर रखडत परतले, काही गुलाम म्हणून विकले गेले. चित्रात त्यांपैकी कुणी नाही. ज्या समाजाने हे चित्र मनात बाळगले त्याला धुक्यात हरवलेल्या रोमन पलटणीची गोष्ट जवळची वाटावी यात नवल नाही, असे आम्हाला वाटते. नवल आपले आहे. आपणही ती गोष्ट घेतली ती त्याच बाजूने उभे राहून. काबूलच्या वाटेवर जे चित्राबाहेर राहिले त्यांच्या वंशजांनी ब्रिटुकल्यांना चित्राबाहेर ठेवावे, यापेक्षा सावध वाचनाची अपेक्षा आपण स्वतःकडून करायला हरकत नाही.

याचा अर्थ नवव्या पलटणीतल्या शिपायांसाठी हळहळू नये असा नाही. ती माणसेच होती. वीस-पंचवीस वर्षांच्या चाकरीवर नाव घातलेले, डोळे आलेले, नवस बोललेले. त्यांतले कुणी यॉर्कला संपले असतील, कुणी ऱ्हाइनकाठी निवृत्त होऊन शेती करीत असतील, कुणी आर्मेनियात बाणांनी मेले असतील. एका पलटणीच्या ठायी आपण एकच मरण मागतो, कारण गोष्टीला शेवट एकच लागतो. माणसांना तसे बंधन नसते.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी या पलटणीची गोष्ट सांगू लागला तर ती आवडीने ऐकावी, आम्हीही ऐकू. फक्त ती संपल्यावर दोन प्रश्न विचारावेत. हे कोणत्या कागदात आहे? आणि झाडांमागे जे उभे होते त्यांची नावे काय होती? पहिल्या प्रश्नाला आज ना उद्या एखादा दगड, एखादे कौल उत्तर देईल अशी आशा आहे. दुसऱ्याला कोणतेही कौल उत्तर देणार नाही. तो विचारण्याचे काम म्हणूनच वाचकाकडे येते.